पसेटनमधली काळ्या अस्वलाची शिकार: तयारीच्या नोंदी, २०२४

१० मार्च, रविवार

वही आजपासून सुरू करतोय. शेजारचे काका गेली दोन वर्षं म्हणतायत की हरणाला येतोस तसा एकदा अस्वलाला ये, आणि या वर्षी मी हो म्हटलं. काकांचं वय ६७, सगळं आयुष्य इथल्या, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या कॅस्केड्सच्या डोंगरांत गेलंय, पण आता पाठीवर २५ किलो घेऊन घसाऱ्यावरून उतरणं त्यांना जमणार नाही असं ते स्वतःच म्हणाले. म्हणजे ओझं माझं, डोकं त्यांचं.

आज त्यांच्या गॅरेजमध्ये दोन तास बसलो. मी विचारलं बंदूक कुठली, दुर्बीण कुठली, तर ते म्हणाले आधी सांग तुझ्या फ्रीजरमध्ये जागा किती आहे. मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी कागदावर खालून वर लिहायला घेतलं: फ्रीजर, मग गाडीतला बर्फ, मग गाडीपर्यंतची वाट, मग कातडं काढायची जागा, आणि सगळ्यात वर गोळी. म्हणाले लोक वरून खाली प्लॅन करतात आणि मांस नासवून येतात. अस्वलाच्या अंगावर जाड चरबी आणि त्यावर दाट केस, त्यामुळे मेल्यावरही आतली गरमी तासन्‌तास निघत नाही, हरणापेक्षा कितीतरी लवकर खराब होतं. तर हा सगळा प्लॅन उलटा करायचा, हे पहिल्या पानावर लिहून ठेवतोय.

२४ मार्च, रविवार

नियम वाचून काढले. वॉशिंग्टनमध्ये वसंतातली अस्वलाची शिकार बंद झालीय, राज्याच्या वन्यजीव आयोगाने २०२२ च्या नोव्हेंबरात मतदान करून ती थांबवली. आता उरला तो १ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबरचा सीझन. आमिष ठेवायला आणि कुत्री सोडायला १९९६ च्या जनमतापासून बंदी आहे. म्हणजे आपले पाय, दुर्बीण आणि वारा, एवढंच. मला हे आवडतं. बादलीभर शिळे डोनट ठेवून झाडावर बसायचं असतं तर मी गेलोच नसतो, ज्या राज्यांत चालतं तिथल्या लोकांना नावं नाही ठेवत, पण मला ते नको.

जागा: पसेटन वाइल्डरनेस, हार्ट्स पास या खिंडीकडून आत. कॅनडाच्या हद्दीला लागून पाच लाख एकरांच्या वर रान. वाइल्डरनेस म्हणजे १९६४ च्या कायद्याखालचं, गाडी नाही, सायकल नाही, मांस ओढायची दोनचाकी ढकलगाडीसुद्धा नाही. जे बाहेर येईल ते घोड्यावर नाहीतर पाठीवर. घोडे आपल्याकडे नाहीत. जिथे जायचं त्या घळीचं नाव इथे लिहीत नाहीये, काकांनी तीस वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही.

९ एप्रिल, पाडवा

आईला फोन केला, पाडव्याचं बोलणं झालं आणि मग मीच विषय काढला. आईचं माहेर चंद्रपूरकडचं. तिकडे मोहफुलं वेचायला पहाटे अंधारात जाणारी माणसं वाघापेक्षा अस्वलाला जास्त घाबरतात, कारण अस्वलालाही तीच फुलं हवी असतात आणि समोरासमोर गाठ पडली की ते पळण्याऐवजी अंगावर येतं. आईच्या मामांच्या तोंडावर तो व्रण होता, मी लहानपणी पाहिलाय. ती म्हणाली, "काहून जातोस रे अस्वलाच्या वाटेला? त्यानं तुझं काय केलं?"

मी सांगितलं की ते अस्वल वेगळं, हे वेगळं. आपल्याकडच्या अस्वलाला १९७२ च्या कायद्याने पूर्ण संरक्षण आहे आणि असायलाच हवं, ते कमी होत चाललंय. इथलं काळं अस्वल उत्तर अमेरिकेत लाखांनी आहे, माणसाचा वास आला की बहुतेक वेळा पळतं, आणि आम्ही ते खाणार आहोत. शेवटचं वाक्य ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "खाणार असशील तर ठीक. पण श्रावणात आणू नकोस घरात."

श्रावण ५ ऑगस्ट ते पोळा, म्हणजे २ सप्टेंबर. ७ ला गणपती, आमच्याकडे दीड दिवसाचा, ८ ला विसर्जन. १८ पासून पितृपक्ष. मधली खिडकी ९ ते १६. कागदावर काकांनी वेगळ्या कारणांनी जी तारीख काढली होती तीही हीच: ऑगस्टात गरमी फार, उंचावरची हकलबेरी, म्हणजे अस्वलं खातात ती रानबेरी, पिकते ती ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर मध्य, आणि १५ सप्टेंबरला या उंच भागात हरणाचा खास सीझन उघडतो तेव्हा प्रत्येक धारेवर शिकाऱ्याची नारिंगी टोपी दिसायला लागते. तर ११ ला निघायचं, १५ ला परत.

२८ एप्रिल, रविवार

या आठवड्यात बातमी आली, नॉर्थ कॅस्केड्समध्ये ग्रिझली, म्हणजे मोठं तपकिरी अस्वल, परत आणायचा निर्णय सरकारने जाहीर केला. वर्षाला ३ ते ७ अस्वलं सोडायची, सुरुवातीचं लक्ष्य २५. अमेरिकेच्या बाजूला इथे ग्रिझली नक्की दिसल्याची शेवटची नोंद १९९६ ची आहे. सोडायला अजून वेळ लागेल, पण हद्दीपलीकडून एखादं भटकत येणारच नाही असं कोण सांगेल. म्हणूनच आमच्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या भागात, काळ्या अस्वलाच्या शिकारीआधी ओळख परीक्षा सक्तीची आहे, ऑनलाइन असते. आज दिली, पास झालो, पण पास झालो म्हणून समाधान नाही, दोन फोटोंत मी चुकलो.

चुकलो कारण रंगावर गेलो. काळं अस्वल काळंच असतं असं नाही, दालचिनीच्या रंगाचं असतं, तपकिरी असतं, अगदी पिवळट भुरंही असतं. बघायचं ते हे: ग्रिझलीच्या खांद्यावर उंचवटा असतो, काळ्याच्या पाठीचा सगळ्यात उंच भाग कमरेकडे. ग्रिझलीचा चेहरा डोळ्यांखाली खोलगट, काळ्याचा कपाळापासून नाकापर्यंत सरळ. ग्रिझलीची नखं लांब, काळ्याची आखूड आणि वळलेली, झाडावर चढायला. काकांचा नियम असा की आडवं उभं राहिलेलं दोनदा दिसल्याशिवाय रायफलीला हात लावायचा नाही. फोनवर रोज दहा फोटो बघतोय, जेवताना बायको मोबाईल धरते आणि मी सांगतो.

मादीचं वेगळं. पिल्लं बऱ्याचदा मागे झुडपात असतात आणि दिसत नाहीत. म्हणून दिसल्यावर किमान अर्धा तास नुसतं बघायचं. रुंद डोकं, डोक्याच्या बाजूंना लहान वाटणारे कान, जड चाल हे नराचं. अरुंद तोंड आणि वर उभे मोठे कान दिसले तर सोडून द्यायचं. शंका आली तरी सोडून द्यायचं.

२६ मे, रविवार

मटणाबद्दल. परवा सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, रिपोर्ट आला, तो छापून फ्रीजवर लावलाय. कॅनडातून आणलेलं काळ्या अस्वलाचं मांस एका कुटुंबाने ४५ दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग कबाब केले, आणि सहा जणांना ट्रिकिनेला नावाच्या कृमीची बाधा झाली. त्यातल्या दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, फक्त त्याच सळईवरच्या भाज्या खाल्ल्या होत्या. आपल्याकडे सगळ्यांचा समज असतो की फ्रीज केलं की मेलं सगळं. डुकराच्या मांसातली कृमी थंडीने मरते, पण अस्वलातली उत्तरेकडची जात गोठूनही जगते. उपाय एकच, आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सियस.

तर आमच्या घरात नियम: ग्रिल नाही, अर्धकच्चं नाही, फक्त कुकर. कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून पाऊण तास शिजवायचं, त्यात कुठली कृमी टिकत नाही. कच्च्या मांसाचा पाट आणि सुरी वेगळी, त्यावर कोथिंबीर चिरायची नाही. बायकोने लाल टेप लावून ठेवली पण.

१५ जून, शनिवार

रेंजवर गेलो. काकांची जुनी थर्टी-ऑट-सिक्स रायफल, १८० ग्रेनची गोळी, २०० यार्डांवर नेम जुळवून घेतलेली. बाकावरून सगळं छान लागतं. मग बसून, काठ्यांच्या आधारावर मारायला लागलो तेव्हा खरं कळलं: १०० वर दहापैकी दहा, २०० वर नऊ, ३०० वर सहा. म्हणजे माझी हद्द २००. डोंगरात धाप लागलेली असते, बोटं गारठलेली असतात, म्हणून २०० म्हणजेही वारा नसताना. काका मान हलवून म्हणाले बरोबर, सहा म्हणजे दहातली चार अस्वलं जखमी होऊन झुडपात गेली.

आणि अस्वल जखमी होऊन गेलं तर माग काढणं अवघड, चरबीने भोक बुजतं आणि केस रक्त शोषून घेतात, जमिनीवर थेंबही पडत नाही कधीकधी. म्हणून पुढचा पाय पुढे टाकलेला असतानाच, खांद्याच्या मागे लगेच, अंगाच्या मधल्या उंचीवर. पोट लोंबतं आणि केस खाली लटकतात त्यामुळे मध्य वाटतो त्यापेक्षा थोडा वर असतो. चित्र काढून वहीच्या मागच्या पानावर चिकटवलंय.

२२ जून, शनिवार

ओझ्याची तालीम. ऑफिसातला एक मित्र सोबत यायला तयार झालाय. तो अजून वर्क व्हिसावर आहे आणि अशा लोकांना फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवता येत नाही, शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे, पण राज्याचे नियम परत वेगळे, आणि त्याला ग्रीन कार्डाच्या रांगेत असताना कुठलीही भानगड नकोय. अगदी योग्य. तो दुर्बीण लावणार आणि ओझं वाहणार, बंदुकीला हात नाही.

दोघांनी दुकानातून सोना मसुरीच्या नऊ-नऊ किलोच्या पिशव्या आणल्या, प्रत्येकाने तीन पाठीवर घेतल्या आणि माउंट साय चढलो, साडेनऊशे मीटरची चढाई. चढताना काही नाही. उतरताना माझा उजवा गुडघा बोलायला लागला आणि त्याचा पट्टा खांद्यात रुतला. सह्याद्रीत इतकी वर्षं हिंडलो, पण तिथे पाठीवर पाणी आणि भाकरी असायची, २७ किलो कधी नव्हते. मग हिशोब केला. साधारण ९० किलोच्या नराचं हाड काढलेलं मांस ३० ते ३५ किलो, डोक्यासकट कातडं २० च्या आसपास, चरबी वेगळी. वर आमचे तंबू, झोपायच्या पिशव्या. म्हणजे दोन खेपा, दोघांनी, प्रत्येक खेप २५-३० किलो. नकाशावर गाडीपासून ७ किलोमीटरचं वर्तुळ काढलं आणि चढ-उतार मोजून ते आत ओढलं. त्या रेषेच्या बाहेर कितीही मोठं अस्वल दिसलं तरी नाही.

६-७ जुलै

पाहणी. मझामापासून हार्ट्स पासचा रस्ता म्हणजे जुन्या घाटासारखा, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला सरळ दरी, डेड हॉर्स पॉइंटला समोरून गाडी आली की कुणीतरी मागे घ्यायची. ट्रेलरला बंदीच आहे. खिंड ६,२०० फुटांच्या आसपास.

पीसीटी, म्हणजे मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत जाणारी पायवाट, इथूनच जाते, आणि सप्टेंबरात पाच महिने चाललेली पोरं-पोरी शेवटचे ४८-५० किलोमीटर चालत असतात. त्यांच्या वाटेवरून दिसेल असं काहीही करायचं नाही, हे आम्ही दोघांनी ठरवलं. त्यांच्या आयुष्यातला तो शेवटचा टप्पा, तिथे समोर कातडं सोलणारी माणसं नकोत. तंबू पायवाटेपासून धार ओलांडून पलीकडे.

घळ बघितली. उत्तरेच्या बाजूला अजून बर्फाचे पट्टे, दक्षिणेकडे उतार जुन्या वणव्यातला, करडे उभे खांब आणि खाली गुडघाभर हकलबेरी, फुलं गळून बारीक हिरव्या गोळ्या धरलेल्या. बघून करवंदाच्या जाळ्या आठवल्या. वणव्यानंतर झाडांचा माथा उघडतो, ऊन खाली पोचतं आणि काही वर्षांनी बेरी भरभरून येते, म्हणून अस्वल शोधायचं तर जुनं जळीत शोधा. दोन ठिकाणी विष्ठा, गवताची, गेल्या महिन्यातली. एका फर जातीच्या झाडाच्या खोडाला पाठ घासून साल गुळगुळीत झालेली आणि चिकात काळे केस अडकलेले. मित्राने एक केस काढून बोटावर धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिला.

समोरच्या सोंडेवर एक दगडी बैठक सापडली, तिथून अख्खा उतार दिसतो, बहुतेक अंतर १५० ते ३५० यार्ड. सकाळी गार हवा खाली वाहते, दहाच्या सुमाराला ऊन तापलं की वर, संध्याकाळी परत खाली. अस्वलाचं नाक म्हणजे सगळं काही, डोळे त्यामानाने काही नाहीत. दोन दिवस पिठाची पुडी हवेत फुंकून वेळा लिहिल्या. ओढा बैठकीपासून चारशे पावलांवर, सावलीत, पाणी बर्फाचं. मांस टांगायची जागा तीच. उलट्या प्लॅनमधला हा सगळ्यात महत्त्वाचा बिंदू सापडला म्हणून मी परतीच्या वाटेवर खूश होतो.

३ ऑगस्ट, शनिवार

सीझन परवा उघडला. जात नाहीये. मझामाला दुपारी ३५ डिग्री, बेरी कच्ची, वरून धूर. वणव्यामुळे किंवा दरड कोसळून हायवे २० बंद झाला तर वाट: हायवे २ ने वेनाची, तिथून ९७, पटेरॉस, ट्विस्प, विनथ्रॉप. दीड-दोन तास जास्त. रेंजर ऑफिसला निघायच्या आदल्या दिवशी फोन.

२५ ऑगस्ट, रविवार

सामान. ७० लिटरचे दोन कुलर, तळाला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर बर्फ, गाडीत कुलरवर जुनी रजई. सुती मांसपिशव्या सहा. चाकू दोन, बदलायची पाती. सॅटेलाइट मेसेंजर, बायकोला रोज रात्री आठला "ठीक" जाईल, दहापर्यंत आला नाही तर काय करायचं ते तिला लिहून दिलंय, शब्दन्‌शब्द. अस्वलाला पळवायचा तिखट स्प्रे दोघांच्या पट्ट्याला, बॅगेत नाही. खाणं कडक डब्यात.

खाण्यात मी हटून बसलो, ती कोरडी सुकवलेली अमेरिकन पाकिटं नको. शेंगदाणा-गुळाचे लाडू १०० ग्रॅमला ५०० कॅलरीच्या आसपास देतात, चार दिवसांच्या दशम्या, चटणी, आणि रात्रीला घरी भाजून केलेलं उपम्याचं पीठ, नुसतं गरम पाणी ओतायचं. काकांनी एक लाडू खाल्ला आणि डझनभर घरी घेऊन गेले.

१० सप्टेंबर, मंगळवार

परवा विसर्जन झालं. रेंजर ऑफिसने सांगितलं रस्ता उघडा. उद्या दुपारी निघतोय. काका येऊन नुसते गाडीचा बर्फ बघून गेले.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, रात्री

घाईत लिहितोय, हात दुखतायत. काल दिवसभर काही नाही, ढग खाली उतरलेले. रात्री ३ डिग्री. आज सकाळी ७:५० ला मित्राला दिसलं, वरच्या जळितात, अंतर ४१०. पानं लाल झालीत त्यामुळे काळा ठिपका लगेच उठून दिसतो. बेरी ओरबाडत आडवं आडवं खाली येत होतं, या दिवसांत दिवसाला पंधरा-वीस हजार कॅलरी लागतात त्यांना, मान वरच करत नव्हतं. तासभर बघितलं. पाठ सरळ, उंचवटा नाही, डोकं रुंद, एकटं. मित्र तीनदा म्हणाला पिल्लं नाहीत, मी तीनदा परत बघितलं. रेषेच्या आत. ९:२० ला १७० यार्डांवर पुढचा पाय पुढे टाकून उभं राहिलं. एक गोळी. साताठ पावलं गेलं आणि झुडपात बसल्यासारखं झालं.

अर्धा तास जागचे हललो नाही. मग जवळ गेलो. पंजा हातात घेतला तर तळवा माणसाच्या तळहातासारखा, गरम. तोंड बेरीने जांभळं झालेलं. मित्राने पाण्याचे चार थेंब त्याच्या तोंडावर सोडले, मी काही बोललो नाही, मला रडू आलं आणि ते तसंच येऊ दिलं.

मग काम. टॅग केला. १०:१५ ला सुरुवात, आधी कातडं, कारण गरमी तिथेच अडकते. काकांनी चित्र काढून दिलं होतं ते समोर दगडाखाली दाबून ठेवलं. १२:४० ला शेवटची पिशवी ओढ्याच्या सावलीत टांगली. हवेत ११ डिग्री, पिशवीत थर्मामीटर खुपसला तर जाड भागात २९; २ वाजता १९; ४ वाजता १३. चार वाजता पहिली खेप घेऊन निघालो, ७:३० ला कुलर बंद केला. आतडी आणि सांगाडा तंबूपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला.

१५ सप्टेंबर, रविवार

काल दुसरी खेप, पाऊस, घसाऱ्यावर दोनदा बसून उतरलो. गुडघा टिकला, सोना मसुरीची कृपा. खिंडीत एक मुलगी भेटली, मेक्सिकोच्या सीमेवरून चालत आलेली, पाठीवरचं बघून विचारलं काय आहे, खरं सांगितलं. ती म्हणाली बेरी आम्हीही खाल्ल्या त्याच डोंगरावर. तिला दोन लाडू दिले.

घरी वजन केलं: मांस ३१ किलो, कातडं-डोकं १९, चरबी ७. काकांनी प्रत्येक पिशवी नाकाला लावली, वास घेतला आणि मान हलवली. चरबी मंद आचेवर कढवली, बेरी खाल्लेल्या अस्वलाची चरबी पांढरीशुभ्र होते, सहा बरण्या. दोन काकांना.

वरच्या जबड्यातला सुळ्यामागचा छोटा दात राज्याच्या खात्याला पाठवावा लागतो, त्याचा काप काढून झाडासारखी वर्षं मोजतात. पक्कडीने नीट निघेना, डोकं उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून मग निघाला. पुसून पाकिटात घातला, तारीख आणि युनिट नंबर लिहिला. उद्या ऑफिसला जाताना पोस्टात टाकायचा.